चतुर पंडितांचे गुण किती?

लखनौच्या हजरतगंजात एक नवल किशोर रोड आहे. रस्त्यांना राजांची, सेनापतींची आणि नगरसेवकांच्या दिवंगत वडिलांची नावं देण्याची आपली रीत. प्रकाशकाच्या नावाचा रस्ता मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पुण्यात अभ्यासाच्या पुस्तकांचा बाजार भरतो तो अप्पा बळवंत चौकात. अप्पा बळवंत मेहेंदळे हे पेशव्यांचे सरदार. त्यांनी उभ्या जन्मात एक गाईड छापलं नाही, तरी महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या त्यांच्या चौकातून पास होऊन बाहेर पडल्या. ती गाईडं लिहिणाऱ्यांची नावं मात्र कुणाला सांगता यायची नाहीत. कव्हरवर बऱ्याचदा ‘अनुभवी प्राध्यापक’ एवढंच असायचं.

मी पोटासाठी मुद्रितं तपासतो. अभ्यासक्रमाची पुस्तकं, प्रबंधांची पुस्तकं, चर्चासत्रांत वाचलेल्या (आणि न वाचलेल्या) निबंधांची पुस्तकं. या धंद्यात कुणाचं नाव कुठे, केवढ्या टायपात आणि कुणाच्या आधी, यावर जेवढं डोकं लढवलं जातं तेवढं मजकुरावर लढवलेलं मी पाहिलं नाही. एका प्राध्यापकांनी तीनशे पानांची मुद्रितं दुसऱ्याच दिवशी परत पाठवली. ‘सर्व ठीक’ असा शेरा आणि एकच दुरुस्ती. शीर्षकपानावर त्यांच्या नावामागे ‘डॉ.’ राहिलं होतं. आत पानिपतची तिसरी लढाई १६७१ साली झाली होती, तिला सरांची हरकत नव्हती.

हिंदी पुस्तकांची कामं घेऊ लागल्यापासून लखनौशी संबंध आला, आणि लक्षात आलं की नावाच्या या भानगडीचा अख्खा इतिहास त्या शहरात चार-दोन मैलांत पाहायला मिळतो. ज्यांनी लिहिलं आणि नाव लपवलं ते तिथे होऊन गेले. ज्यांनी दुसऱ्याच्या मजकुरात परिच्छेद पाडले आणि त्यावर हक्क मिळवला तेही तिथलेच. आणि ज्यांनी काहीच लिहिलं नाही, पण नाव छापून आणलं, ते तर सर्वत्र असतात. लखनौत ते अदबीनं बोलतात, एवढाच फरक.

मुन्शी नवल किशोर लाहोरच्या ‘कोहिनूर’ छापखान्यात धंदा शिकले आणि १८५८ साली लखनौला येऊन त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. सत्तावनच्या उठावात शहराची दैना झालेली, माणसं अजून घरं शोधताहेत, आणि हे गृहस्थ पुस्तकं काढतात! त्यांनी कुराण छापलं, तुलसीदास छापले, गालिबची फारसी कुल्लियात १८६३ मध्ये छापली, ‘अवध अखबार’ चालवलं. पण दगडावर दगड फिरत राहिले ते शिक्षण खात्याच्या कामांवर. शाळेची पुस्तकं हजारोंनी खपतात आणि गालिबला दाद मिळते, हे गणित तेव्हापासूनचं आहे. काव्यसंग्रहाचा तोटा भूगोलाच्या पुस्तकातून भरून काढणारे मराठी प्रकाशक हे नवल किशोरांचे वारसच.

दगड म्हटलं ते शब्दशः. छपाई होती शिळाछापाची. कातिब खास कागदावर तेलकट शाईनं सुंदर अक्षरात मजकूर लिहायचा, तो दगडावर उलटा उमटवायचा आणि मग दगडावरून प्रती काढायच्या. चूक सापडली तर ती दगडावरच दुरुस्त करायची, म्हणजे उर्दू, आणि तीही आरशातली. ही उलटी दुरुस्ती करणारे खास कारागीर लखनौत असत. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौबद्दल लिहिताना त्यांचं वर्णन केलं आहे. आम्हाला सुलट मराठीतल्या वेलांट्या आवरत नाहीत, आणि ही माणसं उजवीकडून लिहायची लिपी डावीकडून दुरुस्त करत होती. तरी बरं, कातिबाला निदान पुस्तकाच्या शेवटी स्वतःचं नाव घालायची मुभा बऱ्याचदा मिळे. दगड सुधारणाऱ्याचं नाव मी कुठे पाहिलेलं नाही.

आता आपल्या माणसाकडे वळू. विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६०, मुक्काम मुंबई, व्यवसाय वकिली, नाद संगीताचा. त्या काळी गाण्याचं ज्ञान खाँसाहेबांच्या गळ्यात असे आणि खाँसाहेबांची मर्जी हीच त्याची सूची. भातखंड्यांनी गावोगाव हिंडून, आर्जवं करून, लोकांच्या दाराशी बसून बंदिशी गोळा केल्या, त्यांची स्वरलिपी केली आणि ‘क्रमिक पुस्तकमालिका’ या नावानं सहा भागांत छापायला काढल्या. शेवटचे भाग तर १९३६ साली ते गेल्यानंतर आले. ‘क्रमिक पुस्तक’ हा शब्द ऐकला की आपल्याला मोडलेल्या बाकावर बसून घोकलेली कविता आठवते. या गृहस्थांनी दरबारी कानडा क्रमिक पुस्तकात घातला! कित्येक उस्तादांना ते मरेपर्यंत पटलं नाही. ज्या चिजेसाठी शागिर्दानं बारा वर्षं हुक्का भरायचा, ती चीज पोरं पुस्तकातून वाचून म्हणू लागली तर हुक्का कोण भरणार?

लखनौशी त्यांचं नातं जडलं ते संगीत परिषदांमुळे. १९२४ आणि १९२५ अशा लागोपाठ दोन परिषदा तिथे भरल्या, राय उमानाथ बली आणि शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांनी जोर लावला, आणि १९२६ साली गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावानं संगीताचं कॉलेज निघालं. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ते पुढे कित्येक वर्षं सांभाळलं. आज त्याचं विद्यापीठ झालं आहे, नावही भातखंड्यांचं आहे, आणि भरतं ते कैसरबागेत, वाजिद अली शाहाच्या परीखान्यात. नवाबाच्या पऱ्या जिथे नाच शिकल्या तिथे आता अंतर्गत गुणांची बेरीज होते.

पण माझा जीव अडकला आहे तो भातखंड्यांच्या एका खोडीत. १९१०च्या सुमारास त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ काढला आणि त्यावर नाव घातलं ‘चतुर पंडित’. मग त्याच ग्रंथावर मराठीत ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’चे चार जाडजूड भाग लिहिले. गुरू सांगतोय, शिष्य शंका विचारताहेत, अशी त्याची मांडणी. शिष्यांची शंका फारच अवघड झाली की गुरुजी हवाला देतात चतुर पंडितांचा! चतुर पंडित काय म्हणतात पाहा. चतुर पंडितांचं मत असं आहे. शिष्य बिचारे माना डोलावतात. पुढे ‘अभिनवरागमंजरी’ आली, ती विष्णुशर्मा या नावानं. गाण्याच्या बंदिशीही त्यांनी रचल्या, त्यांत पुन्हा ‘चतुर’ ही मुद्रा. रातंजनकरांनी आपली मुद्रा घेतली ‘सुजान’. गुरू चतुर, शिष्य सुजान, आणि दोघांचंही खरं नाव गाण्यात नाही.

संस्कृत वचन आणि पुरातन पंडित असल्याशिवाय आपल्याकडे कुणी ऐकून घेत नाही, हे त्या वकिलानं नेमकं ओळखलं होतं. साक्षीदार मिळेना, तेव्हा त्यानं तो स्वतःच्याच लेखणीतून उभा केला. आणि वर कुठेही श्रेय मागितलं नाही.

हा माणूस आज त्याच शहरात प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला बसला तर काय होईल, हे मी कल्पनेनं पुष्कळदा पाहिलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम समोर ठेवून समिती बसलेली आहे.

‘पंडितजी, तशरीफ रखिए. प्रकाशनं?’

‘संस्कृतात एक. श्रीमल्लक्ष्यसंगीतम्.’

‘यावर नाव चतुर पंडितांचं दिसतंय.’

‘तो मीच.’

‘नाव बदलल्याचं राजपत्र जोडलंय का? नाही? बरं, पुढे. मराठीत चार भाग. यांत आपण जागोजाग या चतुर पंडितांना उद्धृत केलंय. म्हणजे स्वतःलाच.’

‘या पद्धतीनं दुसऱ्या कुणी लिहिलेलं नव्हतं.’

‘ते ठीक, पण याला सेल्फ सायटेशन म्हणतात. आणि हे विष्णुशर्मा कोण? सहलेखक?’

‘तोही मीच.’

समितीतला हिशेबी सदस्य इथे कागद पुढे ओढतो. कारण नियम असा आहे की लेखक दोनाहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के गुण आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. चतुर पंडितांना ७०, विष्णुशर्मांना ३०, भातखंड्यांना ३०. एकूण १३०! एकट्यानं लिहिल्याचं कबूल करण्यापेक्षा तिघं असण्यात तीस टक्के फायदा. सदस्य खालच्या आवाजात सुचवतो, ‘हुजूर, आप तीन ही रहिए.’

‘आयएसबीएन?’

‘१९१०.’

‘चारच आकडे? तेरा लागतात.’

जागा अर्थातच दुसऱ्या कुणाला तरी जाते. 

जाता जाता: क्रमिक पुस्तकमालिका मूळ मराठी. उत्तरेच्या विद्यार्थ्यांसाठी ती हिंदीत आणली हाथरसच्या संगीत कार्यालयानं, आणि ते कार्यालय काढलेलं काका हाथरसींनी. तेच ते, दाढीवाले हास्यकवी. हिंदुस्थानी संगीताचं सगळ्यात गंभीर पाठ्यपुस्तक एका विनोदी कवीनं घरोघर पोचवलं, यावर मी काही बोलत नाही. आमच्या धंद्यात विनोदी माणसं टिकतात, एवढंच नोंदवून ठेवतो.

लखनौचं दुसरं पाठ्यपुस्तकी घराणं म्हणजे लालबागेतली ईस्टर्न बुक कंपनी. मलिक बंधूंचं हे कायद्याच्या पुस्तकांचं प्रकाशन. वकील माणसानं मुंबईत, नागपुरात वा पणजीत ‘एससीसी’ म्हटलं की तो लालबागेचं नाव घेतो. ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ हे त्यांचं नियतकालिक १९६९ पासून निघतं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घ्यायचा, त्यात परिच्छेद पाडून क्रमांक द्यायचे, अवतरणं मूळ ग्रंथाशी ताडून पाहायची, स्वल्पविराम सरळ करायचे, डोक्यावर सारांश चढवायचा आणि छापायचं. म्हणजे, अहो, आमचंच काम. फरक इतका की आमच्या लेखकांना दुरुस्ती केली की राग येतो आणि त्यांच्या लेखकांना राग आला तर तुरुंगात जावं लागेल.

पुढे सीडीचा जमाना आला आणि दोन संगणक कंपन्यांनी निकालांच्या सीड्या काढल्या. ईस्टर्न बुक कंपनीचं म्हणणं पडलं की यांनी आमचा मजकूर उचलला. समोरच्यांनी विचारलं, तुमचा मजकूर? निकाल लिहिलाय न्यायमूर्तींनी, आणि न्यायालयाचे निकाल कुणीही छापावेत असं कायदाच सांगतो. खटल्याचं नाव ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’. प्रतिवादीचं आडनाव वाचून मराठी वाचक सावरून बसला असेल, तर त्यानं तसंच बसून राहावं. १२ डिसेंबर २००७ रोजी निकाल दिला त्या दोन न्यायमूर्तींत एक होते बी. एन. अग्रवाल आणि दुसरे पी. पी. नावलेकर.

हा निकाल म्हणजे मुद्रितशोधकाच्या आयुष्यातला एकमेव प्रेमपत्राचा प्रसंग आहे, आणि तोही अर्ध्यावर फिसकटलेला. न्यायालय म्हणालं, नुसता घाम गाळला म्हणून मालकी हक्क मिळत नाही. अमेरिकेत १९९१ साली टेलिफोन डिरेक्टरीवरून एक खटला झाला होता. वर्णानुक्रमे नावं लावण्यात कष्ट असले तरी कल्पकता नाही, म्हणून तिथल्या न्यायालयानं हक्क नाकारला. आपल्या न्यायालयानं इतकी उंच पट्टी लावली नाही, पण थोडंसं कौशल्य, थोडीशी विवेकबुद्धी दिसली पाहिजे असं म्हटलं. त्या हिशेबानं स्वल्पविराम दुरुस्त करणं, अवतरण ताडणं, स्पेलिंग सुधारणं हे सगळं क्षुल्लक ठरलं. मी इथवर वाचून पेन खाली ठेवलं होतं. मग पुढचा परिच्छेद आला. निकालाचा सलग मजकूर समजून घेऊन त्याचे परिच्छेद पाडणं आणि त्यांना क्रमांक देणं, आतल्या आत संदर्भ जोडणं, कोणता न्यायमूर्ती कुणाशी सहमत आणि कोण असहमत हे दाखवणं, यात बुद्धी लागते, आणि ती बुद्धी प्रकाशकाची!

थोडक्यात, न्यायमूर्तींनी लिहिलेली वाक्यं सगळ्या देशाची, पण ती वाक्यं जिथे तोडली ती जागा लालबागेची. वाक्यांमधल्या मोकळ्या जागेला मालक असू शकतो, हे वाचून मी आमच्या प्रकाशकांकडे दरवाढ मागितली. ते म्हणाले, ‘मोकळ्या जागेचे पैसे कागदवाला आधीच घेतो.’

या निकालाचा वकिलांमध्ये प्रचलित असलेला पत्ता आहे ‘(२००८) १ एससीसी १’. म्हणजे वर्ष २००८, खंड पहिला, पान पहिलं, आणि नियतकालिक अर्थातच फिर्यादीचं. स्वतःच्या खटल्याचा निकाल नववर्षाच्या पहिल्या पानावर छापायची संधी किती संपादकांना मिळते? चतुर पंडितांना स्वतःचा हवाला देताना निदान टोपणनाव घ्यावं लागलं होतं.

आता आजचं वर्तमान. त्याच २०१८च्या नियमांत राष्ट्रीय प्रकाशकाकडून आख्खं पुस्तक लिहिलं तर १० गुण, संपादन केलं तर ८, आणि दुसऱ्याच्या पुस्तकात एक प्रकरण लिहिलं तर ५. पुस्तक लिहायला सहा वर्षं लागतात, प्रकरण लिहायला (किंवा मिळवायला) एक शनिवार-रविवार. एवढं त्रैराशिक कुठल्याही प्राध्यापकाला जमतं. त्यामुळे पुस्तकं लिहिणं थांबलं आणि प्रकरणं लिहिणं सुरू झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरतात: ‘बहुविद्याशाखीय संपादित ग्रंथ, आयएसबीएनसह, मजकूर स्वीकारण्याची अंतिम मुदत उद्या, प्रकाशन परवा, प्रमाणपत्र लगेच.’ शुल्क भरायचं. एकाच कव्हरात ‘भक्तिकाव्यातील समता’, ‘मधमाशीपालनाचं अर्थशास्त्र’ आणि ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण: एक दृष्टिक्षेप’. हे तिसरं प्रकरण प्रत्येक ग्रंथात असतंच. ज्या चर्चासत्रातून हे ग्रंथ निघतात, त्याला लखनौत नेपाळहून एक पाहुणे रात्रीच्या बसनं आले की ते आंतरराष्ट्रीय होतं. पुण्याला ही सोय नाही. आम्हाला ऑनलाइन मॉरिशस पकडावं लागतं.

आयएसबीएनबद्दल तर लोकांची समजूत इस्त्रीवरच्या आयएसआयच्या शिक्क्यासारखी आहे: हा असला की शॉक बसत नाही. वास्तविक तो नुसता क्रमांक. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एक सरकारी यंत्रणा दिल्लीत आहे, ती प्रकाशकांना तो फुकट देते. पुस्तक चांगलं आहे का, पुस्तक पुस्तक तरी आहे का, हे ती विचारत नाही. तिनं विचारावं अशी अपेक्षाही नाही. पण ९७८नं सुरू होणारे ते तेरा आकडे मागच्या कव्हरवर उमटले की संपादकांच्या चेहऱ्यावर जी कृतार्थता येते, ती मी घरात नातू आल्यावरच पाहिली आहे.

नक्कल किती चालते, यावरही नियम आहे, तोही २०१८चाच. दहा टक्क्यांपर्यंत मजकूर दुसऱ्याशी जुळला तर शिक्षा नाही. योगायोग असा की लेखकाला बहुतेक करारांत रॉयल्टीही दहा टक्क्यांच्या आसपासच लिहिलेली असते. एका लेखकानं मला शांतपणे समजावलं होतं, ‘जेवढं देतात तेवढंच घेतो.’

हे ग्रंथ जातात कुठे? हजार-बाराशे किंमत, जाड पुठ्ठा, ‘लायब्ररी एडिशन’. मोजक्या प्रती निघतात. त्यांतल्या काही ग्रंथालयांच्या कपाटात, काही लेखकांच्या दिवाणखान्यात, आणि काही ‘नमुना प्रत, विक्रीसाठी नाही’ असा शिक्का घेऊन जुन्या पुस्तकांच्या ढिगात, जिथे त्या विकल्या जातात. लखनौच्या अमीनाबादेत पुस्तकांच्या दुकानांपासून थोड्या अंतरावर गडबडझाला नावाचा बाजार आहे. तिथे बांगड्या आणि बायकांच्या सामानाची खरेदी होते. नावं अदलाबदल झाली आहेत असं मला दर वेळी वाटतं. विद्यार्थी या सगळ्यात कुठेच नसतो. तो झेरॉक्सच्या दुकानात असतो. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी खटला भरला होता. २०१६ साली न्यायमूर्ती एंडलॉ यांनी तो फेटाळला, कारण शिकवण्यासाठी केलेली प्रत कायद्याला चालते. त्या निकालानंतर काय बदललं ते मला ठाऊक नाही, पण झेरॉक्स काढताना पोरं दोन रुपये वाचवायला शीर्षकपान गाळतात हे मी डोळ्यांनी पाहतो. ज्या पानासाठी तीन संपादक चार महिने भांडले, तेच! परीक्षेत उत्तरं बरोबर येतात, लेखक कुणालाच माहीत नसतो, आणि सगळा वर्ग त्या पुस्तकाला ‘गुप्ताजीवालं’ म्हणतो. गुप्ताजी म्हणजे झेरॉक्सवाले.

अवधवर इंग्रजीत लिहिलेली जुनी अभ्यासपूर्ण पुस्तकं उघडलीत तर ऋणनिर्देशात एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं: राम अडवाणी. हजरतगंजात मेफेअर इमारतीत त्यांचं पुस्तकांचं दुकान होतं. देशोदेशीचे संशोधक तिथे जात, चहा होई, कुठलं कागदपत्र कुणाच्या हवेलीत मिळेल याचा पत्ता मिळे. २०१६ साली नव्वदी ओलांडून ते गेले आणि दुकानही मिटलं. गुण कुणी दिले नसते त्यांना. ऋणनिर्देशाला गुण नाहीत, मी नियम पुन्हा वाचून खात्री केली.

परवाच लखनौच्या एका संपादक महोदयांचा फोन आला. आवाजात तीच अदब. तिथल्या सहसंपादकांमध्ये ‘पहले आप’ हल्ली फक्त मुद्रितं कुणी वाचायची या प्रश्नावर ऐकू येतं, त्यामुळे ती माझ्याकडे येणार हे मी गृहीत धरलंच होतं. पण काम वेगळं निघालं.

‘भाईसाहब, इक्कीस चॅप्टर घोषित किए थे, बीस हुए. आपका नाम डाल दें?’

मी म्हटलं, मी प्राध्यापक नाही, मी काही लिहिलेलंही नाही.

‘लेख तो है हमारे पास. लेखक कम पड़ रहा है.’

‘मग ज्यांनी लिहिलाय त्यांचं नाव घाला ना.’

पलीकडे थोडा खोकला झाला. ‘वो नहीं मान रहे. कहते हैं, लेख कमज़ोर है.’ आणि मी गप्प राहिलेला पाहून घाईनं पुढे, ‘आपसे फ़ीस आधी लेंगे.’